आतल्या कडेची झीज

सकाळी साडेनऊ वाजता धाकट्याने जुन्या टायरांच्या ढिगातून एक टायर ओढून तिरपा केला. त्यात साचलेलं पाणी थेट थोरलीच्या चपलांपर्यंत वाहत आलं. पाणी हिरवट होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"सरक ना ताई," तो म्हणाला. "टायरच्या दुकानात आलीयेस, सोनाराच्या नाही."

ती दोन पावलं मागे सरकली. मागे भिंत होती आणि भिंतीवर कंबरेच्या उंचीपर्यंत पिचकाऱ्यांचे डाग. ती तिथेच मध्ये उभी राहिली, कशालाही अंग लागणार नाही अशी. पत्र्याच्या शेडखाली उन्हाने तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. टायरवाला स्टुलावर बसून आगपेटीच्या काडीने कान कोरत होता. काडी बाहेर काढून तो दर वेळी तिच्या टोकाकडे निरखून बघायचा.

"कुठल्या गाडीला पाहिजेत?" त्याने विचारलं.

धाकट्याने मोबाइलवर फोटो दाखवला. लाल, बुटकी, रुंद सेडान. मागे पंखासारखी पट्टी, चाकांना काळ्या रंगाच्या आऱ्या. बॉनेटला टेकून गॉगल लावलेला धाकटा स्वतः. फोटो जुना होता. सध्या त्या बॉनेटचा चुरा होऊन गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये पडून होती.

"एकदम हिरो गाडी आहे शेठ. हिला जुने कशाला घालता? नवे घ्या की."

"नवे नकोत. अर्धे झिजलेले पाहिजेत. चारही एकाच कंपनीचे. आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची."

टायरवाल्याची काडी कानातच थांबली. मग तो हसला. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिल्यांदा आलं नव्हतं.

"विम्याचे साहेब बघायला कधी येणार?"

"दुपारी तीनला."

"मग चिक्कार वेळ आहे. निवांत निवडा."

थोरलीला सगळं कळलं ते त्या वेळी. आदल्या दिवशी धाकट्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की गाडीला टायर आणायचेत, तुझ्या गाडीची मागची सीट दुमडते, तर सकाळी ये. धडकेत टायर फाटले असतील, असं ती धरून चालली होती.

धडक शनिवारी झाली होती. धाकट्याला वेळ नव्हता म्हणून त्याची बायको स्वतःच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली होती. उतारावर पाणी होतं. वळणापाशी गाडी न वळता सरळ गेली आणि दगडी भिंतीवर आदळली. भावजयीच्या मांडीचं हाड मोडलं. तिच्या आईच्या डोक्याला मार लागला आणि ती अजून शुद्धीवर आलेली नव्हती. शुद्धीत असलेल्या भावजयीने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं होतं. मी ब्रेक दाबला होता. ऐकणारे मान हलवत आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन एकमेकांना म्हणत, घाबरली बिचारी.

"गाडीचे टायर गेले होते का?" थोरलीने विचारलं.

"हळू बोल." धाकटा ढिगापाशी उकिडवा बसला होता. "गेले म्हणजे काय, जरा गुळगुळीत झाले होते. बदलणारच होतो."

"तिने तुला सांगितलं होतं. माझ्यासमोर, जेवताना. गाडी सरकते म्हणून."

"ती पंखा जरा हलला तरी पडतोय म्हणते. ताई, ऐक. टायर खराब निघाले तर विमावाले हात वर करतात. टायर नीट असले की विषय संपला. चालवणाऱ्याची चूक. चालवणाऱ्याच्या चुकीला विमा मिळतो, टायरच्या चुकीला मिळत नाही."

"आणि चूक तिच्या नावावर."

"मग तिला कोण फासावर चढवणार आहे? घरचीच तर आहे." तो हसला आणि टायरवाल्याकडे वळला. "हा दाखवा बरं, तो खालचा."

थोरली चपलांच्या कंपनीत तक्रार विभागात होती. दोष आहे म्हणून परत आलेला जोड आधी तिच्या टेबलावर यायचा. लोक महिना महिना वापरलेले बूट घासूनपुसून डब्यात घालून पाठवत आणि लिहीत, की एकदाही पायात घातलेले नाहीत. बुटात नाक घालायची वेळ दिवसातून किती वेळा यायची, ते ती घरी सांगत नसे. तळवा उलटा धरला, की माणूस कसा चालतो ते तिला दिसायचं. टाच कुठे घासली, अंगठा कुठे रुतला, पाय आत पडतो की बाहेर. खोटं बोलणाऱ्यांचा तिला राग येत नसे. त्यांच्या पावडर मारलेल्या, अत्तर शिंपडलेल्या बुटांची मात्र शिसारी यायची.

धाकटा आता रंगात आला होता. टायरच्या बाजूवर कोरलेले तारखेचे आकडे तो थुंकी लावलेल्या अंगठ्याने पुसायचा, वाचायचा आणि नापसंत टायर ढकलून द्यायचा. शाळेसाठी वह्या निवडाव्यात तसा. मधेच त्याने खिशातून केळं काढलं, काळ्या हातांनीच सोललं आणि तीन घासांत संपवून साल ढिगाच्या मागे भिरकावली. त्याचा फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव होतं.

"घे की," थोरली म्हणाली.

"तेच तेच सांगत बसेल. मी ब्रेक दाबला, मी ब्रेक दाबला." त्याने फोनचा आवाज बंद केला. "हा बघ ताई. नक्षी कशी आहे? बाणासारखी. ह्याला पकड म्हणतात. हे असते ना, तर गाडी जागच्या जागी थांबली असती."

हे बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. थोरलीने त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. तिथे फक्त चांगली वस्तू स्वस्तात मिळाल्याचा आनंद होता.

अर्ध्या तासात चार टायर जमले. एकच कंपनी, एकच नक्षी, तारखा महिन्याभराच्या अंतरातल्या. टायरवाल्याने त्यांना डब्यातलं काळं पॉलिश फासलं. टायर चकाकले. धाकटा ओरडला, "अहो, चमकवता काय! धूळ मारा." मग टायरवाल्याने जमिनीवरची माती मुठीत घेऊन ओल्या पॉलिशवर चोळली आणि वर पिंपातलं पाणी शिंपडलं. कुजक्या पाण्याचा आणि पॉलिशचा मिळून एक गोडसर वास सुटला. थोरलीने रुमाल नाकाला लावला.

"काय नाजूक आहेत ताई," टायरवाला म्हणाला.

"ऑफिसात बसून काम आहे ना तिचं," धाकटा म्हणाला. "चला, भरा गाडीत."

टायरवाल्याने पहिला टायर उचलून तिच्या गाडीकडे गडगडत न्यायला घेतला. टायर तिच्यासमोरून गेला. तिची नजर सवयीने त्याच्या तळव्यावर गेली.

"थांबा," ती म्हणाली.

दोघे थांबले.

"हे चारही सारखे झिजलेत. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखे."

"मग? चांगलंच आहे की," धाकटा म्हणाला.

"तू स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलीस. तुझी चाकं वरून आत कललेली असतात. उभी असतानाही दिसतं. अशा गाडीचा टायर सरळ झिजत नाही, आतल्या कडेला झिजतो. हे टायर त्या गाडीखाली बघितले, तर जरा डोळे असलेला माणूस विचारेल, की हे काल कुठे होते."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि वरचे पत्रे थरथरले.

"च्यायला," टायरवाला म्हणाला आणि हातातला टायर आडवा टाकून नीट उभा राहिला. "ताई बरोबर बोलतायत."

धाकट्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. लहानपणी त्याने फोडलेल्या काचेचा आळ थोरलीने दुसऱ्यावर ढकलल्यावर पसरायचं, तसं. "म्हणूनच तुला आणलं! बघा शेठ, आमची ताई. नजर आहे नजर."

टायरवाल्याने आतल्या ढिगातून एकेक टायर काढून तिच्यासमोर मांडायला सुरुवात केली. आता तो धाकट्याला विचारतच नव्हता. तिने रुमाल खिशात ठेवला आणि खाली बसली. पहिल्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. "हा बाहेरच्या कडेला झिजलाय. नको." दुसरा. "ह्याची झीज फार झाली." तिसऱ्यावर तिचं बोट थांबलं. बाहेरून भरलेला, मध्ये अर्धा, आत उतरता. "हा चालेल. ह्याच्या जोडीचा आहे का?"

जोडीचा होता. मागचे दोन मिळायला आणखी वेळ लागला. चौथा टायर गाडीत चढल्यावर तिने हाताकडे पाहिलं. बोटाच्या रेषांमध्ये काळं गेलं होतं. तिने ते आधी पत्र्याला पुसलं, मग दगडाला, मग रुमालाला. रुमाल तिने तिथेच टाकला.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने काही न विचारता जुने टायर उतरवले. त्यांचा बाहेरचा भाग ठीकठाक दिसत होता. मिस्त्रीने पहिला टायर फिरवून भिंतीला टेकवला, तेव्हा आतली कड वर आली. तिथे रबर नव्हतंच. कापड उघडं पडलं होतं आणि कापडातून बारीक तारा बाहेर आल्या होत्या. दुसऱ्याचंही तेच. मिस्त्रीने थोरलीकडे पाहिलं.

"ह्याच्यावर बाईंना पाठवलं?" तो हळूच म्हणाला.

धाकटा पलीकडे फोनवर कोणाला तरी नव्या बंपरचा रंग सांगत होता.

विमा कंपनीचा सर्वेअर तीनऐवजी साडेतीनला आला. घामेजलेला, सभ्य माणूस. त्याने पुढचा चुरा पाहिला, फोटो काढले, मग गुडघ्यावर बसून चाकाच्या आत हात घातला. त्याची बोटं टायरच्या आतल्या कडेवरून सरकताना थोरली पाहत होती.

"आतून थोडी झीज आहे," तो म्हणाला.

"गाडी खाली बसवलीय ना साहेब," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंय. ह्या गाड्यांना असतेच. टायर ठीक आहेत तसे. चालवत कोण होतं?"

"मिसेस. लायसन्स आहे, पण एवढ्या गाडीची सवय नाही हो तिला."

सर्वेअरने मान हलवली आणि लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटला, "चालकाचा ताबा सुटला." जाताना तो थोरलीला म्हणाला, "पेशंटला सांभाळा. अशा वेळी माणूस मनाला फार लावून घेतं."

तो गेल्यावर धाकट्याने गॅरेजमागे ताडपत्रीखाली ठेवलेले जुने टायर थोरलीच्या गाडीत भरले. "भंगारवाला तुझ्या वाटेवरच आहे. सातपर्यंत असतो. कापून टाकायला सांग, नुसते टाकू नकोस." मग त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "तू नसतीस ना ताई, तर आज अंगाशी आलं असतं."

भंगारवाल्याच्या दारापुढे तिने गाडी थांबवली. आत माणूस होता. त्याने हातानेच विचारलं, काय आणलंय? ती काच खाली न करता थोडा वेळ बसून राहिली आणि मग पुढे गेली.

हॉस्पिटलमध्ये भावजय उशीला टेकून पडली होती. उजवा पाय जांघेपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. तिची आई वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत होती आणि भावजयीला अजून तिला पाहू दिलेलं नव्हतं.

"ताई, तो माणूस येऊन गेला का? काय म्हणाला?"

"टायर ठीक आहेत म्हणाला."

भावजयीने डोळे मिटले.

"मग माझंच चुकलं. हे काल रात्री सांगत होते, की घाबरल्यावर ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं जातं आणि माणसाला कळतही नाही. मी भांडले त्यांच्याशी. आज दिवसभर आठवून बघतेय. आता मला ब्रेक दाबल्याचं आठवेनासंच झालंय." तिने डोळे उघडले. "आईला काय सांगू मी? उठलीच, तर?"

थोरलीने खुर्ची जवळ ओढली. मग बसलीच नाही.

"तुला चाकांच्या खुर्चीत बसता येईल का?"

"कशाला?"

"खाली पार्किंगपर्यंत जायचंय. पाच मिनिटं."

"पार्किंगमध्ये काय आहे?"

थोरली बाहेर जाऊन नर्सला भेटली. नर्स म्हणाली, पाय हलवायचा नाही असं सांगितलंय, मोठ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी खुर्ची देणार नाही. ते राउंडला आले, की विचारा.

ती परत येऊन खाटेपाशी उभी राहिली. भावजय तिच्याकडे पाहत होती. सव्वासातला धाकट्याचा मेसेज आला. टाकलेस ना? त्याला अजून उत्तर गेलेलं नाही. डॉक्टरही अजून राउंडला आलेले नाहीत.