मागच्या दाराचा कठडा

“सायकल बघ आधी,” खडीत आडवी पडलेली मार्लिस म्हणाली. “पुढचं चाक वाकलंय का?”

“चाक गेलं खड्ड्यात!” तिची मैत्रीण बेव्ह तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. “खांदा बघ स्वतःचा. अगं, एक वर आणि एक खाली दिसतोय मला.”

मार्लिसनं उठायचा प्रयत्न केला आणि तिच्या तोंडून जी आरोळी निघाली, तिनं झाडावरचे कावळे उडाले. लाकडी पुलाच्या अलीकडच्या उतारावर त्याच आठवड्यात नवी खडी पडली होती. ही वाट तिच्या पायांना इतकी पाठ होती, की ब्रेक दाबायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

हासळीच्या हाडाचे तुकडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी धातूची पट्टी घालून ते स्क्रूनं आवळले आणि बजावलं, “बर्फ पडेपर्यंत काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही. आणि सायकलचं नावही काढायचं नाही.”

तिला न्यायला नवरा आला, तो शेजारच्या गॉर्डीच्या ट्रकमधून.

“आपली गाडी कुठाय?” मार्लिसनं विचारलं.

“बॅटरी उतरलीय,” आर्लेन म्हणाला.

गॉर्डी उगाचच छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मार्लिस, माझी कुत्री म्हातारी झाली, पण तुझ्याएवढी आपटत नाही ती.”

“तुझी कुत्री दिवसभर सोफ्यावर असते, गॉर्डी. तशी बसले असते तर मीही नसते आपटले.”

सोफ्यावर बसणं मार्लिसला कधी जमलंच नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभं आयुष्य पोरांच्या ताटात बटाटे वाढले. पण दुपारची शेवटची कढई धुतली की ती घरी जायची ती फक्त बूट बदलायला. उन्हाळ्यात सायकल, शरदात होडी, आणि सरोवरावरून बोचरा वारा सुटला की स्की. आता निवृत्त झाल्यावर तर सकाळही मोकळी झाली होती. आर्लेनचं उलट. बंदरावर खनिजाच्या बोटी भरण्यात जन्म गेल्यामुळे उघड्या हवेचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. त्याला रेडिओवरचा बेसबॉल पुरायचा. ती दमून परत यायची, तो कॉफी ठेवायचा, आणि ती सांगत सुटायची: पाणपक्ष्यांची जोडी दिसली, दलदलीत मूस जातीचं थोरलं हरीण उभं होतं, मॅपलची पानं आता लाल व्हायला लागलीत. तो ऐकायचा. लग्न असंच मजेत चाललं होतं.

घर मात्र तिच्या अर्धवट कामांनी भरलेलं होतं. पावसाळी आठवड्यात तिला हुरूप यायचा, ऊन पडलं की हत्यारं जागच्या जागी पडायची. न्हाणीघराची एक भिंत निळी होती, बाकीच्या जुन्याच. मागच्या दाराबाहेर तिनं स्वतःच्या हातांनी नवा ओटा आणि पायऱ्या बांधल्या होत्या, पण कठड्याची लाकडं अजून गॅरेजमध्ये धूळ खात होती.

हात गळ्यात बांधून ती घरी बसली, तेव्हा पहिल्यांदाच तिला दिवसाढवळ्याचा आर्लेन दिसला. तो कॉफी ओतताना कपात बोट घालून ठेवायचा. टपाल न फोडताच खिडकीत रचायचा. मागच्या पायऱ्या उतरताना डावा तळवा घराच्या भिंतीला टेकवायचा. तिथल्या पांढऱ्या रंगावर तळव्याएवढ्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटला होता. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. कपात बोट घालण्यावरून तर त्याला चिडवूनही घेतलं.

दोनेक आठवड्यांत तिला घर खायला उठलं.

“आर्लेन, कठडा उरकून टाकू,” एका सकाळी ती म्हणाली. “मी सांगते, तू काप.”

“हवा किती छान आहे बघ. बाहेर खुर्ची टाकून बस की.”

“मला खुर्ची दाखवू नकोस. करवत आण.”

तिनं डाव्या हातानं पेन्सिलीच्या खुणा केल्या. त्यानं लाकडावर गुडघा रोवला आणि करवत चालवली. पहिला तुकडा खुणेपासून बोटभर दूर कापला गेला. दुसरा तिरका गेला. तिसऱ्याला त्यानं बराच वेळ अंगठ्यानं खूण चाचपली आणि भलत्याच ठिकाणी करवत लावली.

“अरे, आंधळा आहेस का?” ती ओरडली.

आर्लेननं करवत खाली ठेवली. पँटवरचा भुसा झटकला.

“होत चाललोय,” तो म्हणाला.

मार्लिसला आधी ती थट्टाच वाटली. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग यायचा, आणि तो हळूहळू पसरत होता. डॉक्टरकडे तो गॉर्डीबरोबर जायचा. गाडीची बॅटरी चांगली धडधाकट होती. चालवणं त्यानं वसंतातच सोडलं होतं.

“गॉर्डीला माहीत आहे,” ती सावकाश म्हणाली. “त्याच्या कुत्रीलाही माहीत असेल. आणि मला नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस.”

“बसले असते! मग?”

“घरी बसलेली तू कशी असतेस ते बघतोय ना दोन आठवडे,” आर्लेन म्हणाला. “आंधळेपण एकवेळ सहन होईल. तुझं हे घरी बसणं नाही होत.”

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी असा संताप आला, की बऱ्या हातानं दुखरा खांदा धरून तिनं पायरीवर बैठकच मारली. “माझ्या वतीनं ठरवणारा तू कोण? माझा नवरा आहेस की माझी आई?” असं बरंच काही ती बोलली. मग तिची नजर भिंतीवरच्या त्या मळकट पट्ट्यावर गेली आणि ती बोलायची थांबली. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं.

“ऊठ,” ती म्हणाली. “नवी लाकडं आणायला लागतील. बेव्हला फोन करते.”

कठडा दोघांनी मिळून केला. डोळे तिचे, हात त्याचे. ती करवतीचं पातं खुणेवर आणून टेकवायची, मग तो कापायचा.

“डावीकडे घे. अरे, माझ्या डावीकडे!”

“तुझी डावी कुठली ते मला दिसलं असतं, तर हा उद्योग मी एकट्यानंच नसता केला का?”

पलीकडून गॉर्डी कुंपणावर रेलून म्हणायचा, “तिसरा माणूस हवा का? माझ्याकडे बुद्धी आहे.”

“ती ठेव तुझ्याजवळ, पुढे लागेल,” मार्लिस म्हणायची.

लाकूड कागदानं घासून गुळगुळीत करायचं काम मात्र आर्लेननं बोटांनी चाचपत एकट्यानं केलं. बर्फ पडायच्या आत कठडा उभा राहिला. आर्लेन डोळ्यात औषधाची सुई टोचून घ्यायला जायचा, तेव्हा आता ती त्याच्याबरोबर जाऊ लागली. त्या औषधानं आजार जाणार नव्हता, पण आजाराची चाल मंदावली. हिवाळा त्यांनी जंगली तांदळाचं सूप आणि घरकाम यांवर काढला. न्हाणीघराच्या चारही भिंती निळ्या झाल्या. तळघराच्या जिन्याच्या पायऱ्यांना, आर्लेनला कडा कळाव्यात म्हणून, तिनं कडेनं पिवळे पट्टे ओढले.

वसंत आला. नाल्यांमधून बर्फाचं पाणी धावू लागलं, रस्ते कोरडे झाले. डॉक्टरीणबाईंनी खांदा फिरवून बघितला आणि सायकलला परवानगी दिली. बेव्हचे फोन सुरू झाले. मार्लिसनं कोठीघर रंगवायला काढलं. ते संपल्यावर सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्या बदलल्या. मग तिला पोटमाळ्याची फळी सैल वाटू लागली.

“बेव्ह काय म्हणाली?” आर्लेननं एकदा विचारलं.

“चल म्हणाली. पण तुला एकट्याला टाकून कशी जाऊ?”

आर्लेननं रेडिओ बंद केला. सामना चालू असताना तो बंद केलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

“माझं नाव पुढे करू नकोस, मार्लिस.”

“म्हणजे?”

“तू घाबरलीयस.”

“मी? मी घाबरते होय? अरे, फेब्रुवारीत गोठलेल्या सरोवरावर...”

“घाबरलीयस,” तो शांतपणे पुन्हा म्हणाला. “मीही घाबरलेलो असतो. रोज. पण मी पोटमाळा दुरुस्त करत बसत नाही.”

तिनं हातातला पेचकस टेबलावर ठेवला. झोपेतही तिला ती खडी चाकाखालून सरकताना जाणवायची, हे तिनं बेव्हलाही सांगितलं नव्हतं.

“परत पडले तर?” तिनं विचारलं.

“तर गॉर्डी ट्रक काढेल. त्याला तरी दुसरं काय काम आहे?”

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तळघरातून खुडबुड ऐकू येत होती. ती खाली गेली. आर्लेननं सायकल उलटी उभी केली होती. चाकांत हवा भरून, बोटांनी दुवा न् दुवा चाचपत तो साखळीला तेल लावत होता. त्याच्या हातांना, सदऱ्याला, कपाळालाही काळं फासलं गेलं होतं. तिनं वर जाऊन बूट घातले.

त्यानंच सायकल उचलून मागच्या दारानं अंगणात आणून दिली. मार्लिसनं ती फाटकापर्यंत हातानं नेली. तिथे बराच वेळ उभी राहिली. समोरचा रस्ता खालच्या चौकापर्यंत डांबरी होता, पुढे खडी सुरू व्हायची.

“फक्त पुलापर्यंत जाते,” ती मागे वळून म्हणाली. “उतारावर खाली उतरून चालेन.”

“चाल की. न उतरता जाण्याचं कुणी बक्षीस लावलंय का?”

ती सायकलवर बसली. पहिल्या पायडलला हँडल डगमगलं, दुसऱ्याला सरळ झालं. चौकाच्या अलीकडे तिनं एकदा थांबून मागे पाहिलं.

आर्लेन पायऱ्यांवर उभा होता, आणि बघत होता अंगणाच्या कडेच्या बर्चच्या झाडाकडे. नवख्या माणसाला वाटलं असतं, म्हाताऱ्याला तिच्या जाण्याशी काही देणंघेणं नाही. पण या हिवाळ्यात तो एक युक्ती शिकला होता. थेट पाहिलेलं डागाखाली जायचं, कडेचं मात्र अजून दिसायचं. म्हणून जे नीट बघायचं असेल, त्याच्या जरा बाजूला तो नजर ठेवायचा.

मार्लिसनं हाक न मारता नुसता हात वर केला.

आर्लेननं बर्चकडे बघत तेलानं काळा झालेला आपला हात हलवला.