साक्षीआधीचा मुक्काम

नाशिकला जायचं ठरलं तेव्हा कुसाबाईपुढं पहिला प्रश्न आला तो राहायचं कुठं हा. पंचेचाळीस वर्षांत ती सटाण्याच्या पुढं गेली नव्हती.

नामपूरला एका शेठच्या खळ्यावर ती कांदा निवडायला जायची. दोन वर्षांपूर्वी त्याच खळ्यावर, भर दुपारी, शेठच्या पुतण्यानं भिकन नावाच्या हमालाच्या डोक्यात पहार घातली होती. भिकन तिथंच गेला. पाहणारे चौघं होते. साक्षीदारांवर दबाव येतोय म्हणून केस मालेगावहून नाशिकला नेली, तरी तिघं फिरलेच. उरली होती एकटी कुसाबाई. तिची तारीख लागली एकवीस जानेवारी अठ्ठ्याण्णवला, सकाळी साडेदहाला. सकाळच्या गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच पोचायला हवं होतं.

भिकनचा भाऊ वाल्मीक नाशिकलाच रिक्षा चालवायचा. "काकू, माझ्याकडे उतरा," असा निरोप त्यानं धाडला होता. पण समन्स घेऊन आलेला हवालदार म्हणाला, "मयताच्या घरच्यांकडे उतरू नका. शिकवून आणलेली साक्षीदार म्हणतील." तरण्या मुलीला घेऊन लॉजवर राहायचं हे तिला पटेना. राहिला भाचा शेखर. अंबडला कारखान्यात होता, सिडकोत दोन खोल्यांत बायको-मुलांसह राहायचा. सख्ख्या भावाचा मुलगा. ठरलं.

सोबत तिची सतरा वर्षांची मुलगी भाग्यश्री होती, पाट्या वाचायला. वीस तारखेला साडेचारच्या सुमारास दोघी सीबीएस बसस्टँडवर उतरल्या. शेखर कुठं दिसेना. त्याच्याऐवजी पांढऱ्या सफारीतला एक माणूस गर्दीतून सरळ त्यांच्यापाशी आला.

"कुसाबाई ना? चला. शेखरनं पाठवलंय. त्याच्याकडे पाहुणे आलेत, म्हणून तुमची सोय लॉजवर केलीय. गरम पाणी, जेवण, सगळं आहे."

त्यानं पिशवीला हात घातला. कुसाबाईनं पिशवी सोडली नाही. कोणत्या गाडीनं येणार हे तिनं एकट्या शेखरलाच कळवलं होतं.

"शेखरशी बोलते आधी," ती म्हणाली.

"बोला की. फोन तिथंच आहे." तो हसला, आणि त्यांच्या मागं मागं पीसीओपर्यंत आला.

शेखरच्या घराखालच्या दुकानात फोन होता. दुकानदारानं त्याला बोलावून आणेपर्यंत भाग्यश्रीनं नंबर दोनदा फिरवला. शेवटी शेखर आला.

"आत्या, तो माणूस म्हणतो तसं कर. चांगला लॉज आहे."

"तू वळखतोस त्याला?"

पलीकडं दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. मग शेखर हळूच म्हणाला, "माझ्याकडं नको येऊस, आत्या. परवापासून माझ्या कारखान्याच्या गेटवर शेठची माणसं येतात. पोरं लहान आहेत माझी." आणि फोन ठेवला.

कुसाबाईनं रिसीव्हर तसाच कानाला धरून ठेवला, जणू तो अजून बोलतोय. काचेपलीकडं सफारीवाला सिगारेट पेटवत होता.

"काय म्हने दादा?" भाग्यश्रीनं घरच्या अहिराणीत विचारलं.

"तो घाबरेल शे. आपुन ह्या मानूससंगे जावानं नही." मग बाहेर येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "येतो भाऊ तुमच्यासंगं. पोरीला बाथरूमला न्यायचंय, तेवढं जाऊन येतो."

स्टँडच्या मुतारीला दुसरं दार नव्हतं. पण सटाण्याची एक गाडी फलाटाला लागत होती आणि माणसांचा लोंढा दाराकडं धावला. त्या लोंढ्यात दोघी शिरल्या, गाडीच्या पुढून वळसा घालून फाटकाबाहेर पडल्या. मागं कुणीतरी "ओ बाई!" असं ओरडलं. त्यांनी मान वळवली नाही.

रस्त्यापलीकडंच कोर्टाची दगडी इमारत होती. भाग्यश्रीनं पाटी वाचून दाखवली. उद्या जायचं ते ठिकाण इतक्या जवळ होतं, आणि मधली एक रात्र काढायला शहरात जागा नव्हती. पोलिसांकडे जावं, तर तिन्ही साक्षीदार कुणी फिरवले, कुणी कुणाला काय कळवलं, देव जाणे.

भिंतीला लागून एक बाई शेवंतीचे उरलेसुरले हार ओल्या फडक्यात गुंडाळत होती. डोईवर पदर, हातात हिरवा चुडा. दोघी तिच्या टोपल्याआड बसल्या तशी ती खेकसली, "गिऱ्हाईक हाय का बसायला आलात?"

कुसाबाईच्या तोंडात खोटं तयार होतं: बस चुकली, पाहुणे भेटले नाहीत. पण ते सांगून या बाईच्या घरात शिरायचं आणि मागून माणसं तिच्या दारात आणायची, हे तिला जमेना. तिनं खरं तेच सांगितलं. भिकन, पहार, उद्याची तारीख, सफारीवाला.

बाईचे हात थांबले. ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "पांढरा सफारी? तो बघ, रिक्षावाल्यांना इचारतोय. खाली वाका." आणि तिनं ओलं फडकं दोघींच्या अंगावर टाकलं. पाणी मानेवरून पाठीत उतरलं. टोपल्याशेजारी बूट थांबले.

"मावशी, दोन बायका पाहिल्या का? खेड्यातल्या?"

"सकाळधरनं दोनशे पाहिल्या. हार घेतो का?"

बूट गेले.

तिचं नाव सखुबाई. मखमलाबादला दोन बिघे मळा होता. नवरा सावळीराम भाजी पिकवायचा, ही फुलं विकायची. सिटीबसनं तिनं दोघींना घरी नेलं. वाटेत ती सारखी मागं वळून बघत होती.

सावळीराम ओट्यावर कोबीच्या गोण्या शिवत होता. सखुबाईनं सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "शेठ कोणता नामपूरचा?" कुसाबाईनं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला.

"त्याचाच साडू हाय मार्केटात आडत्या. माझा माल त्याच्याच गाळ्यावर जातो." तो बायकोकडं वळला. "तुला साऱ्या नाशकात हीच माणसं घावली?"

"मग काय रस्त्यावर सोडू? पोर हाय तरणी संगं."

सावळीराम उठला. पायात चपला घातल्या, टॉर्च घेतली आणि गावाकडं निघून गेला.

सखुबाईनं भाकरी वाढली. कुसाबाईनं भाकरी तशीच ताटात ठेवली. हा माणूस कुठं गेला? गावात फोन असणार. एक फोन केला की संपलं. तिनं सखुबाईकडं पाहिलं. तीही दाराकडंच बघत होती.

"तुमचे मालक..." कुसाबाईनं सुरुवात केली.

"मला नाय माहीत," सखुबाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली लग्नाला, तरी आज नाय सांगता येत."

भाग्यश्री आईला खेटून बसली. मळ्यातून मागच्या बाजूनं कुठं जाता येईल ते कुसाबाईनं डोळ्यांनी शोधून ठेवलं. पाऊण तास गेला. मग बाहेर गाडीचा आवाज आला, आणि उजेड भिंतीवरून फिरला. कुसाबाई मुलीचा हात धरून उभी राहिली.

सावळीराम एकटाच आत आला. "माझ्या पुतण्याचा टेम्पो मागून आणलाय," तो म्हणाला. "सकाळी फुलांच्या पाट्यांमागं बसायचं. सिटीबसनं जायचं नाय. कोर्टाच्या फाटकाच्या आत सोडतो." मग ताट ओढून जेवायला बसला.

सकाळी त्यानं शब्द पाळला. फाटकात सफारीवाला होताच. टेम्पोतून उतरणाऱ्या कुसाबाईला पाहून तो पुढं आला, पण सावळीराम मधे उभा राहिला आणि ती पायऱ्या चढून गेली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिनं कठडा धरला. सरकारी वकिलानं विचारलं ते तिनं सांगितलं. पहार कुणी उचलली, किती वेळा मारली, भिकन काय म्हणाला. मग आरोपीचा वकील उठला.

"काल नाशिकला आलात. मुक्काम कुठं केला?"

कुसाबाईची नजर मागच्या बाकाकडं गेली.

"मयताच्या भावाकडे ना? वाल्मीककडे? त्यानंच हे पाठ करून घेतलं ना?"

"नाय. त्याच्याकडं नाय गेले."

"मग कुठं? नाव सांगा."

मागच्या बाकावर शेठ बसला होता, मान पुढं काढून. नाव नाही सांगितलं तर साक्ष खोटी ठरणार होती, आणि सांगितलं तर मखमलाबादचं ते घर आजच त्याला कळणार होतं. कुसाबाईनं न्यायाधीशांकडं पाहिलं.

"साहेब, एका माळणीच्या घरी राहिले. तिचा या खटल्याशी काय संबंध नाय. तिचं नाव घेतलं तर उद्या तिच्या दारात माणसं उभी राहतील. काल स्टँडवर माझ्यासाठी राहिली होती तशी."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवला. "स्टँडवर कोण उभं होतं?"

"साहेब, हा प्रश्न माझ्या अशिलाच्या—" वकील घाईनं म्हणाला.

"मुक्कामाचा विषय तुम्हीच काढलात, वकीलसाहेब. बाई, बोला."

तिनं सांगितलं. सफारीवाल्याला गाडी आधीच ठाऊक होती ते, लॉज, भाच्याच्या कारखान्याच्या गेटवरची माणसं. मग दाराकडं बोट केलं. "तो बघा, पांढऱ्या कपड्यातला." सगळ्या माना वळल्या. सफारीवाला दाराबाहेर पडत होता. न्यायाधीशांनी शिपायाला हाक मारली आणि व्हरांड्यात पावलं धावली. माळणीचं नाव पुन्हा कुणी विचारलं नाही. जबाबात तिचं सगळं बोलणं टाइप झालं, आणि खाली कुसाबाईनं अंगठा उठवला.

त्या खळ्यावर तिला नंतर काम मिळालं नाही. ती सटाण्याला मजुरीला जाऊ लागली. सावळीरामनं माल दुसऱ्या गाळ्यावर लावला, भाव थोडा कमी मिळाला म्हणे. शेखर वर्षभर आला नाही. मग एकदा आला, ओट्यावर बसून राहिला, आणि तिनं त्याला जेवू घातलं.

निकाल साक्षीनंतर पाच महिन्यांनी, जूनमध्येच लागला होता. शेठच्या पुतण्याला जन्मठेप झाली. वाल्मीकनं वर्तमानपत्राचं कात्रण टपालानं पाठवलं. भाग्यश्रीनं ते चुलीपुढं बसून वाचून दाखवलं. संपल्यावर कुसाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "परत वाच. सुरवातपासून."