घड्याळ नसलेली सीट

मी मोटरसायकलच्या सीटा बनवतो. लांब पल्ल्याला निघालेल्या लोकांसाठी, मापाच्या. दिवसाला पाचशे किलोमीटर मारणाऱ्यांना वाटतं, सीट मऊ असली की झालं. डोंबल! मऊ सीटवर माणूस तासाभरात रुततो आणि बूड थेट पत्र्याला टेकतं. सीट घट्ट हवी, रुंद हवी, मांडीखाली उतरती हवी. आणि तिच्यात घड्याळ हवं.

घड्याळ म्हणजे कडक रबराची बोटभर जाडीची पट्टी. मांड्या टेकतात तिथे, फोमच्या पोटात ती बसवायची, ही माझ्या गुरूची शिकवण. पहिला दीड तास तिचा पत्ता लागत नाही. मग ती टोचायला लागते आणि स्वार मुकाट्याने उतरतो, पाय मोकळे करतो, पाणी पितो. गिऱ्हाइकाला आम्ही यातलं काही सांगत नाही. सांगितलं की तो म्हणणारच, काढून टाका.

माझ्या थोरल्या भावाला मात्र ठाऊक होतं. दादाचं बूड घरात कधी टिकलं नाही. वर्षातून दोनदा गाडी काढून आठ-आठ दिवस गायब. गेल्या वर्षी समुद्रापर्यंत जायला निघाला तेव्हा म्हणाला, "तुझं ते घड्याळ काढ रे. मला मध्ये कुठे थांबायचंच नाही. खाली सीट आहे हेसुद्धा कळता कामा नये."

मी आढेवेढे घेतले आणि शेवटी काढलं. दादाच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नव्हतो. शिवाय मला माझ्या हाताची घमेंड होती, तीही सांगून टाकतो. तशी सीट मी ना आधी बनवली होती, ना नंतर बनवली.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा रस्त्याच्या कडेला सापडला. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, आणि हा हँडलवर हात ठेवून ताठ बसलेला. उतरवायला चार माणसं लागली म्हणे. डॉक्टर म्हणाले, पायात रक्ताची गाठ झाली, ती वर सरकली आणि तो बसल्या जागी गेला. तासन्‌तास हललं नाही की होतं असं. घड्याळाचं मी कुणाजवळ बोललो नाही.

आठ महिन्यांनी वहिनी ती गाडी घेऊन दुकानात आल्या. गाडी त्या दादापेक्षा बरी चालवतात, हे दादासुद्धा कबूल करायचा. "भावोजी, यांचा राहिलेला रस्ता मी पुरा करणार आहे," त्या म्हणाल्या. "सीट माझ्या मापाची करून द्या."

दादा नव्वद किलोचा, वहिनी जेमतेम पन्नासच्या. जुना फोम फेकून नवा घालायला हवा होता. कव्हर उसवलं तर आत दादाची बैठक जशीच्या तशी. डावीकडे जास्त खोल, कारण तो तसाच कलून बसायचा. सुरी लावली आणि हात चालेना. त्याचं एवढंच तर उरलं होतं. मग कालचा शिकाऊही करणार नाही ते मी केलं. जुन्या फोमवरच नवा पातळ थर चिकटवला आणि कव्हर ओढून घेतलं. घड्याळ बसवायचं तर दादाचा फोम कापावा लागला असता, म्हणून तेही राहिलं.

स्वार बसला की मागचं स्प्रिंग किती दबतं ते मी बोटांनी मोजतो. दादाला चार बोटं लागायची. वहिनींना दोन लागायला हवी होती. सहा लागली.

स्प्रिंग म्हातारं झालं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

सकाळी अकराला वहिनी चाचणीला निघाल्या. शेजारच्या शहरापर्यंत जाऊन जेवायला परत येणार होत्या. त्या आल्या दिवेलागणीला. दुकानासमोर गाडी उभी केली आणि बसूनच राहिल्या, डावीकडे कलून.

"किती वाजले भावोजी? तास झाला असेल ना?"

"सात वाजताहेत, वहिनी! होतात कुठे?"

"काही दुखलंच नाही हो. इतकं बरं वाटत होतं..." त्या हळूहळू बोलत होत्या. "दोनदा वाटलं थांबावं. पण उतरतात कसं तेच आठवेना."

मी पुढे धावलो. त्यांना काखेत धरून अक्षरशः खाली ओढलं. पाय बधिर झाले होते, बोटं निळी पडली होती. त्यांना खुर्चीत बसवून मी गाडीकडे वळलो. ती पुरती वर आलीच नव्हती. वाकून मोजलं. रिकामी गाडी, आणि चार बोटं.

मग मात्र मला राहवलं नाही. घड्याळ, दादाचा हट्ट, माझी घमेंड, तो न कापलेला फोम, सगळं ओकलो. "दादाला मी मारलं, वहिनी," म्हणालो.

त्या पोटऱ्या चोळत बसल्या. 

"तुमचा हिशोब तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण हे अजून उतरलेच नाहीत, भावोजी. उतरायला काही टोचलंच नाही ना त्यांना. दोन घड्याळं घाला. एक माझ्या मांडीखाली, एक त्यांच्या."

"आणि तरी नाही उतरला तर? तुम्हालाही उतरू देणार नाही तो!"

"उतरतील. तुम्ही कापा."

मी कापलं. दादाच्या खळग्यातही सुरी घातली. वरच्या थरात एक पट्टी बसवली, खालच्यात दुसरी, चांगली जाड.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वहिनी निघाल्या. साडेआठला फोन यायला हवा होता. नऊ वाजले. सव्वानऊ. मी चार वेळा लावला, चारही वेळा नुसती रिंग. एकाच कव्हरची शिवण मी तीनदा उसवली.

साडेनऊला फोन आला.

"टोचलं," वहिनी म्हणाल्या. "मी साडेआठलाच उतरले. गाडी दोन बोटं वर आली आणि थांबली. मग मी बाजूला उभी राहिले, तुमचा फोनही घेतला नाही."

"तासभर?"

"त्यांचा हट्ट तुम्हाला माहीत नाही का? आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, ती आपली आपण पुरती वर आली. मोजली मी. चार बोटं."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनींनी मला रडू दिलं. पलीकडे मोकळ्या रस्त्याचा वारा ऐकू येत होता.

"पुढे जाताय ना?" मी विचारलं.

"जाणार तर! पण जरा थांबते. आठ महिन्यांनी उतरलेत, पाय मोकळे करू देत."