उतरल्यानंतरचं मिनिट

“काका, बूट राहू द्या! आधी आडवे व्हा!”

हृदयाची इको तपासणी करणाऱ्या ताई ओरडल्या, पण क्रेनवाले काका वाकलेच. ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावरून नुकतेच उतरलेले, धापा टाकत होते, छातीवर वायरी लोंबत होत्या. तरी त्यांनी दोन्ही नाड्या सोडल्या, बूट काढले आणि जोडीने पलंगाखाली सरकवले.

“पांढरीशुभ्र चादर आहे हो. घरी बायकोनं जीव घेतला असता माझा.”

ते डाव्या कुशीवर वळले तोवर पावणेदोन मिनिटं गेली होती. ताईंनी जेल लावून छातीवर प्रोब टेकवला. पडद्यावर हृदय उमटलं. चारी बाजूंनी छान आवळत होतं.

“स्वच्छ आहे,” शेजारच्या खुर्चीतून डॉक्टर म्हणाले. “नॉर्मल लिहा.”

काकांचा चेहरा उजळला. त्यांना हवं होतं ते एवढंच. तीस वर्षं ते उंच इमारतींच्या क्रेनवर, टोकाच्या केबिनमध्ये बसत आले होते. हल्ली शिडी चढताना छातीत आवळायचं, म्हणून साइटच्या साहेबांनी तपासणीला धाडलं होतं. चिठ्ठी मिळाल्याशिवाय वर चढू देणार नव्हते.

“म्हटलं नव्हतं, पित्त आहे म्हणून? दुपारच्या पाळीला चढतोच बघा.”

ताईंचा हात कीबोर्डवर थांबला. हृदयाच्या धमनीत अडथळा असला, तरी बसल्या जागी हृदय त्याची दाद लागू देत नाही. माणसाला पळवलं, की रक्त कमी पडतं आणि उपाशी राहिलेला भाग काम सोडतो. माणूस थांबला, की तोही सावरतो. चोरी पकडायची ती पट्ट्यावरून उतरल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात.

“सर, हे चित्र उशिराचं आहे.”

“तुम्हाला काही दिसलं का?”

“काहीच नाही दिसलं. म्हणूनच म्हणतेय. बूट काढायचे नाहीत, हे आधी सांगायचं असतं. एकोणीस वर्षं सांगत आलेय, आज राहिलं. चूक माझी आहे.”

बाहेर सात जण ताटकळत होते. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, मग ताईंकडे.

“तासाभरानं पुन्हा घ्या.”

“अहो ताई,” काका वैतागले, “पास झालेल्याला परत परीक्षेला बसवतं का कुणी?”

“पेपर मीच चुकीचा काढला, काका. बसा जरा.”

तासाभराने पट्टा पुन्हा फिरला. काका चढणीवर चालले, घामाघूम झाले, छातीवर हात गेला तरी “पित्त, पित्त” म्हणत राहिले. डॉक्टरांनी पट्टा थांबवला. या वेळी काका बुटांसकट पलंगावर पडले. अडतिसाव्या सेकंदाला चित्र हाती आलं.

हृदयाची मागची भिंत आवळत होती, बाजूची आवळत होती. पुढच्या भिंतीचा खालचा भाग आणि टोक मात्र निपचित. शेजारचे ओढतील तेवढंच हलत होतं. आणि ते शेजारचे, त्याच्या वाटचंही ओझं उचलत, जीव तोडून खेचत होते. ताईंनी हजारो हृदयं पाहिली होती. तरी त्या पडद्याकडे झुकल्या. डॉक्टर खुर्चीतून उठून पडद्यापाशी आले. बघता बघता निपचित भाग थरथरला, सुस्तावलेल्यासारखा हलला, मग इतरांच्या तालात आला. दीड मिनिट व्हायच्या आत पडद्यावर पुन्हा सकाळचंच स्वच्छ चित्र होतं.

काकांनी मान वळवली. “हे माझं?”

“तुमचंच,” ताई म्हणाल्या.

“कधीपासून चालू आहे?”

“तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून.”

“मधे सुट्टी?”

“एकदाही नाही.”

“आम्ही डबा खायला तरी थांबतो हो,” काका म्हणाले. हसायला गेले, पण नजर पडद्यावरून हलेना. “आणि मघाशी तो कोपरा गप्प झाला होता, तो?”

“तिकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसतेय,” डॉक्टर म्हणाले. “किती, ते अँजिओग्राफीत कळेल. आज घरी जायचं नाही. शिडीही नाही.”

“आजच्या दिवस ना?”

डॉक्टरांनी मान हलवली. “क्रेनचं आता विसरा, काका.”

काकांनी फोन मागून घेतला. ताई त्यांच्या छातीवरचं जेल पुसू लागल्या.

“साहेब, मी येत नाही. नाही, उद्याही नाही. दुसरा माणूस बघा. तोवर हूक रिकामा करून वर घ्या, काही लटकत ठेवू नका. आणि क्रेनचा फिरायचा ब्रेक सोडून ठेवा. अहो, अडवून ठेवली तर वादळात उलटते ती. मोकळी सोडा. वारा नेईल तिकडे वळू दे.”

त्यांनी फोन ताईंच्या हाती दिला. त्यांचा उजवा हात चादरीवर पडून होता, क्रेनचा दांडा धरल्यासारखी बोटं अर्धवट मिटलेली. ती उलगडायला त्यांना थोडा वेळ लागला.