तरंगनाथांच्या हाताला कुलूप

पंचवटीतल्या मंगल कार्यालयाबाहेर सकाळपासून रांग होती आणि रांगेत एकाच्याही हातात नारळ नव्हता. प्रत्येकाच्या हातात मोबाइल! तरंगनाथ महाराजांना नारळ चालत नाही. महाराज तुमच्या फोनच्या पाठीवर उजवा हात टेकवतात, फोन थरथरतो, पडद्यावर आपोआप निळी ज्योत पेटते आणि खाली तुमच्या दुखण्याचं उत्तर उमटतं. बटण नाही, वायर नाही, काही नाही. लोक रडत होते, किंचाळत होते. एका गृहस्थांनी तर स्वतःच्याच फोनसमोर लोटांगण घातलं.

"बेटा, हा हात नाही, हा टॉवर आहे!" महाराज माइकवरून सांगत होते. "सर्व्हर वैकुंठात. चोवीस तास चालू. रिचार्ज एकच, श्रद्धा!"

मी शुभांगी. देवळाली कॅम्पात जनावरांची डॉक्टर आहे. माझ्याकडे कुत्री जास्त येतात, आणि खोटं वागणारा माणूस दिसला की ती निदान भुंकतात तरी. मी त्या रांगेत हौसेनं उभी नव्हते. माझी सख्खी आत्या कुसाबाई, मखमलाबादला तिचा झेंडूचा मळा. तिच्या छातीत गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला, ऑपरेशनची तारीखही मिळाली. आणि नेमकी तेव्हाच तिच्या फोनवर ज्योत पेटली: 'गाठ विरघळते आहे. शस्त्र लावू नको.' झालं! आत्यानं तारीख मोडली. पावसाळाभर मी डोकं फोडून घेतलं, तिचा मुलगा जीवन तिच्या पाया पडला, पण बाई हलेना.

"देवानं लिवून दिलंय, शुभे," ती म्हणायची. "तुजे डॉक्टर देवापरीस शाणे हाय का?"

म्हटलं, चला, देवाचं अक्षर एकदा बघून तरी येऊ.

दारात यादव नावाचा शिष्य फोन 'शुद्ध' करत होता. म्हणजे फोनला अंगारा लावायचा, जाड कव्हर काढायचं ("कव्हर म्हणजे अहंकार, ताई!") आणि सेटिंगमध्ये शिरून काहीतरी चालू करायचं. जुन्या, स्वस्तातल्या फोनात ती सोय नसायची. त्यांच्या मालकांना 'फोनला पितृदोष आहे' असं सांगून परत पाठवत होते. शुद्धी चालू असताना यादव मायेनं विचारायचा, "काय त्रास आहे?"

"नवऱ्याला मूळव्याध," मी ठोकून दिलं.

"पतीला मूळव्याध," तो मान वाकवून स्वतःच्या कॉलरशी पुटपुटला. कॉलरला बारकासा माइक होता.

महाराजांनी माझ्या फोनवर हात टेकवला. थरथर, ज्योत, आणि खाली अक्षरं: 'पतीची मूळव्याध महिन्यात जाईल.'

अहो, माझं लग्नच झालेलं नाही!

पण मी आणखी दोन गोष्टी बघून घेतल्या. ज्योतीच्या वर, पडद्याच्या कडेला, साध्या वेबसाइटचा पत्ता होता. वैकुंठाचा पत्ता चक्क डॉट इन! आणि महाराजांच्या अंगठ्याच्या बेचक्यात कातडीखाली तांदळाएवढा उंचवटा होता. हरवलेल्या कुत्र्याची ओळख पटावी म्हणून मी त्याच्या मानेत सुईनं चिप घालते. हात लावला की ती अगदी अशीच लागते. मला हसू येत होतं आणि तळपायाची आग मस्तकातही जात होती.

आत्याला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तू देवाशी खोटं बोललीस. मग त्यानं बी तुला खोटंच सांगितलं."

कपाळ!

घरी येऊन शोधाशोध केली. माणसांच्या हातात बसवायच्या अशा चिपा उघड विकत मिळतात. हौशी लोक त्यांनी घराचं दार उघडतात. आत एखाद्या वेबसाइटचा पत्ता लिहून ठेवायचा, की जवळ आलेला फोन ते पान उघडतो. विकणारे बजावून सांगतात: आमचं ॲप घ्या, चिपला पासवर्डचं कुलूप लावा, नाहीतर कुणीही तुमचं खोडून आपलं लिहील. मला खात्री होती, महाराजांनी कुलूप लावलेलं नसणार. लोकांना लुबाडायला अक्कल लागते असं लोकांना उगाच वाटतं. बहुतेक वेळा आपला भाबडेपणा पुरतो.

आत्याच्या घरची एक रीत आहे. झेंडूचा पहिला तोडा थेट मार्केटला जात नाही. आधी ताटभर फुलं देवापुढे न्यायची, पुजाऱ्यानं त्यांवर हात ठेवायचा, मग बाकीचा माल टेंपोत. यंदा आत्याचा देव तरंगनाथ. "ताट मी धरते," म्हटल्यावर ती हरखली. पोरगी सुधारली, असं तिला वाटलं असणार.

ताटात कडेनं फुलं होती आणि मधे पाकळ्यांचा पातळ थर. त्या थराखाली ते ॲप उघडून माझा फोन पालथा ठेवलेला.

"हात दाबून ठेवा, महाराज," मी लाडानं म्हटलं. "आमची रीत आहे."

त्यांनी दाबला. ताट थरथरलं. महाराज दचकले, पण आत्यानं डोळे मिटून हात जोडले होते, त्यामुळे त्यांनाही आशीर्वाद आवरता घेता येईना. फोन पुन्हा थरथरला. चिपमधलं जुनं खोडून माझं लिहून झालं होतं, कुलूपही बसलं होतं.

पुढचा नंबर झुंबर नावाच्या रिक्षावाल्याचा. महाराजांनी हात टेकवला, आणि झुंबरनं भाबडेपणानं मोठ्यानं वाचलं, "'महाराजांच्या हातात चिप आहे. कुसाबाई, ऑपरेशन करा.' महाराज, ही कुसाबाई कोण हो?"

"माया!" महाराज गरजले. "मायेनं घेरलंय! दुसरा फोन आणा!"

दुसऱ्या फोनवर तेच, तिसऱ्यावर तेच. यादव धावत आला, जुना पत्ता परत लिहायला स्वतःचा फोन महाराजांच्या हाताला घासून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "महाराज, हे पासवर्ड मागतंय!"

महाराजांचा माइक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"वैकुंठाला पासवर्ड कशाला लागतो हो?" मी ओरडले. आमच्याबरोबर आलेल्या जीवननं व्यासपीठामागचा पडदा ओढला. मागे एक जण कानाला हेडफोन लावून लॅपटॉप घेऊन बसला होता आणि त्याच्या स्क्रीनवर उत्तरं तयार होती: गुडघेदुखी, कोर्टकचेरी, संतती, मूळव्याध. यादव दुखणं सांगायचा, हा वेबसाइटवर उत्तर चढवायचा आणि चिप ते पान उघडायची. एवढाच चमत्कार! मी तो लोकांना नीट समजावून सांगितला.

महाराज स्वयंपाकघराच्या दारानं सटकले. त्यांच्यावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. पण हॉलमध्ये एक काका माझ्यावरच चिडले. "फोन थरथरला तेव्हा माझी पाठ दुखायची थांबली होती, त्याचं काय?" दुसऱ्यांनी हळूच विचारलं, "ताई, मग खरे महाराज कुठे भेटतील?" माझ्या ओठांवर आलेली शिवी मी गिळली.

आत्या खाली बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"गाठ विरघळती म्हणून कुनी लिवलं, शुभे?"

"त्या पडद्यामागच्या माणसानं, आत्या."

"त्यानं माजी गाठ बघितली व्हती?"

"नाही."

"मंग जिनं बघितली तिच्याकडं चल."

ऑपरेशन झालं. पण तोवर आजार काखेपर्यंत पोचला होता, त्यामुळे आता लांबलचक उपचार आणि त्यांचा त्रास. डॉक्टरीणबाई जपून बोलतात. मला जपून बोलता येत नाही. माझ्या आत्याचा अख्खा पावसाळा त्या माणसानं खाल्ला, आणि त्याला खाऊ घालायला आपण रांग लावली होती. तुमच्या देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जो तुम्हाला तपासत नाही आणि औषध सोडायला सांगतो, त्याला तिथल्या तिथे विचारा की हे तुला कसं कळलं. तो चिडला, तर उठा आणि घरी या.

परवा केमोच्या खोलीत शेजारच्या खाटेवरची बाई कुणा ताईतवाल्याचा पत्ता सांगू लागली. आत्यानं तिचा हात धरला.

"बाई, मला बी एकानं थांब म्हणलं व्हतं. मी थांबले. गाठ नाय थांबली."