आडवी पिन

ओठांत धरलेल्या पिनेची चव – लोखंडाची, किंचित आंबट – दरवर्षी या एकाच सकाळी तिच्या जिभेवर यायची. "हलू नकोस" हे तोंडात पिना असताना म्हणता येत नाही. ते कोपरानं ढोसून सांगायचं. पदवीचे झगे सगळे एका मापाचे, मुली मात्र नाना मापांच्या, म्हणून रंगमंचामागच्या या खोलीत शिवणाच्या बाईंनी, म्हणजे तिनं, प्रत्येकीचा खांदा चिमटीत धरून आतून पिन लावायची. आडवी. उभी लावली की वाकताना टोचते – घसा कोरडा होईतो शिकवलेलं.

आज तिचे हात भलतेच झपझप चालत होते... कारण सोमवारपासून झगे नाहीत, राजांचे अंगरखे. फिरत्या नाटक कंपनीत कपडेपटाची नोकरी, पेटारे, गावोगावच्या विंगा, दोन प्रवेशांच्या मधे अंधारात घाईघाईनं घातलेले टाके – या वयात? नणंद म्हणाली होती, आता तोंडाला रंग फासणार का वहिनी. नवऱ्यानं एवढंच विचारलं, माझी बटणं कोण लावणार. आणि दुसऱ्या दिवशी जीभ बाहेर काढून स्वतःच सुई-दोरा घेऊन बसला. बटण भलत्याच जागी... तिनं ते उसवलं नाही. हसू मात्र येत होतं.

प्राचार्य दारातून डोकावले. तिच्या राजीनाम्यावर त्यांनी अजून सही केलेली नव्हती. "बाई, विचार बदलला तर कार्यक्रम संपेपर्यंत सांगा. तुमचा वर्ग आहे तिथेच आहे." तोंडात पिना होत्या ते बरंच झालं. तिथेच आहे – तेच तर. ती खिडकी, ते डुगडुगणारं टेबल, कात्री मागितली की टोकाकडून पुढे करणाऱ्या नव्या मुली... इतक्या मायेची जागा सोडताना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, फक्त पाय उड्या मारायला बघत होते.

मुली रांगेनं बाहेर पडल्या. एक मागे राहिली, वर्गात जिला सगळ्या घाईबाई म्हणत ती. न आलेल्या कुणा मुलीचा एक झगा उरला होता, तो तिच्या हातात.

"बाई, हात वर करा."

मी कुठली पदवी घेतेय – हे तिनं भुवया उंचावूनच विचारलं.

"तुम्हीही आमच्याबरोबरच बाहेर पडताय ना? सगळ्या वर्गाला माहितीये. घाला गुपचूप."

झगा अंगावर ऐसपैस पसरला. पोरीनं बाईंच्याच ओठांतली शेवटची पिन काढून घेतली, खांद्याला लावली आणि पळाली. पिन खुपली. उभी लावली होती, कार्टीनं – इतकं शिकवून... ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, ते रिकामं होतं. आता बोलावं लागणार होतं. प्राचार्यांशीसुद्धा.

पिन आडवी करून घ्यावी म्हणून हात खांद्यापर्यंत गेला... नको. राहू दे. पलीकडे टाळ्या सुरू झाल्या, आणि तिला वाटलं, पडद्याआड उभं राहून आपल्या प्रवेशाची वाट पाहताना अंगरख्याखाली राजालाही असंच काहीतरी टोचत असेल.