आखूड पेटी

विनिफ्रेड टॉलेफसन यांनी छत्तीस वर्षांच्या अध्यापनात कुणाचीही चूक पोटात घातली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. विस्कॉन्सिनच्या त्या विद्यापीठात प्रथिनांचे रेणू संगणकावर हलते करण्याची विद्या त्यांनीच आणली. एका प्रथिनाचे लवचिक शेपूट आपोआप ताठ होऊन तसेच राहते, हा त्यांचा गाजलेला शोध. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो धडा अजून गिरवावा लागे.

त्यांची संशोधक विद्यार्थिनी कोरीन बास्टियन हिच्या गणितात मात्र ते शेपूट दोन वर्षे लुळेच पडत होते. बाईंनी काम पाच वेळा परत पाठवले. सहाव्यांदा समितीला कळवले, की मुलगी निष्काळजी आहे, तिला डॉक्टरेटसाठी पुढे ठेवू नये. बैठक शुक्रवारी दोनला होती.

गुरुवारी कोरीन आली.

"प्रोफेसर, माझं चुकतंय कुठे, तेवढं तरी दाखवा."

"मी बोट धरून शिकवत नाही."

"मग तुमची जुनी फाइल द्या. पेटी केवढी घेतली होती ते बघते."

"माझी पेटी मोजायला निघालीस? आधी स्वतःचं नाक पुसायला शीक."

कोरीन दार उघडे टाकून गेली. तिचे तोंड कायमचे बंद करावे, म्हणून बाईंनी स्वतःच ती फाइल काढली.

रेणू पाण्याने भरलेल्या काल्पनिक पेटीत ठेवतात, आणि हुबेहूब तशाच पेट्या चहूबाजूंनी खेटून मांडल्या आहेत असे संगणकाला सांगतात. पेटी ऐसपैस हवी, नाहीतर रेणू शेजारच्या पेटीतल्या स्वतःच्याच प्रतिमेला जाऊन भिडतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण त्या काळी यंत्रे मंद होती. पाणी कमी घेतले की महिने वाचत. बाईंनी अंतर मोजले. पुन्हा मोजले. शेपूट आपोआप ताठ झालेच नव्हते. भिंतीपलीकडे स्वतःलाच धरून ते उभे होते.

शुक्रवारी सकाळी त्या विभागप्रमुख डेल क्वामच्या खोलीत गेल्या. एकेकाळी तो त्यांचाच विद्यार्थी होता.

"डेल, ही पेटी तू बांधली होतीस."

"हो."

"आखूड आहे."

"ठाऊक आहे. बारा वर्षं झाली मला कळून."

"आणि तू बोलला नाहीस?"

"तुमच्यापुढे बोलायची कुणाची छाती होती, विनिफ्रेड? माझ्या वर्गातल्या एस्पेनने एक शंका काढली, तर त्याला वर्गाबाहेर उभं केलंत. मे महिन्यात तुम्ही निवृत्त होणार. म्हटलं, म्हातारीला मानाने जाऊ द्यावं."

"आणि त्या पोरीला?"

"तिच्याविरुद्धचं पत्र तुम्ही लिहिलंत. मी नाही."

दोन वाजता बाई समितीपुढे उभ्या राहिल्या आणि काहीही न झाकता सगळे सांगून मोकळ्या झाल्या. कुणालाच आश्चर्य वाटले नाही. एक सभासद कॉफी ढवळत राहिला. तेवढ्याने बाईंना कळले, की हे सगळ्यांना आधीच ठाऊक होते.

कोरीनला आत बोलावले.

"गणितं तुझीच बरोबर होती," बाई म्हणाल्या. "पत्र मी मागे घेतलंय. वसंतात पदवी मिळेल."

कोरीनने पिशवीतून कागद काढला. विद्यापीठ सोडण्याचा अर्ज.

"दोन वर्षं मी रोज फक्त माझी चूक शोधली, प्रोफेसर. आता बरोबर आलेलंही मला खरं वाटत नाही. सोमवारपासून मी विमा कंपनीत रुजू होतेय."

"थांब. मी सांगते म्हणून थांब."

"तुम्ही सांगितलं म्हणूनच इतकी थांबले."

अर्जावर मार्गदर्शकाची सही लागत असे. कारणाच्या रकान्यात कोरीनने लिहिले होते: स्वतःची इच्छा. बाईंनी ते खोडायला पेन टेकवले.

"कारण विद्यार्थ्यानेच लिहायचं असतं, विनिफ्रेड," डेल हळूच म्हणाला. "नियम तुम्हीच केलाय."

बाईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले.